पाणी न लागणारी बॅटरी

आर्डिथ कोल्स्टाडला चिडायला कारण लागत नसे. पण त्या जानेवारीत तिला कारण मिळालं, आणि तेही चांगलं तीन मण वजनाचं. डेल्मर हूकस्ट्राच्या मोटारघरात तिनं स्वतःच्या हातांनी बसवलेल्या चार बॅटऱ्या कुणीतरी काढून नेल्या होत्या, आणि डेल्मरनं त्या नेऊ दिल्या होत्या.

ॲरिझोनाच्या वाळवंटात, गावापासून सात मैलांवर, एका कोरड्या ओढ्याच्या काठाला दर हिवाळ्यात तीसेक मोटारघरं येऊन उभी राहतात. माणसं बहुतेक सत्तरीच्या आसपासची. कुणी डकोटातून येतं, कुणी आयोवातून, कुणी थेट कॅनडातून. उत्तरेत बर्फ पडायला लागला की ही मंडळी घराला कुलूप लावून निघतात, आणि ज्यांनी घरच विकून टाकलंय त्यांना तेवढाही त्रास घ्यावा लागत नाही. ओढ्याकाठी विजेची तार नाही. छपरावरच्या सौर पॅनेलनी दिवसा बॅटऱ्या भरायच्या, रात्री त्या वापरायच्या, आणि ढग आले तर जनरेटर लावायचा. त्यामुळे तिथं माणसं एकमेकांच्या तब्येतीआधी एकमेकांच्या बॅटऱ्यांची चौकशी करतात.

आणि बॅटरी म्हटलं की आर्डिथ. नॉर्थ डकोटातल्या एका शाळेच्या बसगॅरेजात तिनं एकतीस वर्षं मेकॅनिकचं काम केलं होतं. उणे तीसची थंडी, पहाटेचे पाच, आणि चौदा पिवळ्या बस. एक जरी सुरू झाली नाही तरी कुठल्या तरी फाट्यावर सहा-सात वर्षांची पोरं वाऱ्यात उभी राहणार. गॅरेजातले पुरुष म्हणत, होईल सुरू, जरा दम धर. आर्डिथ दम धरत नसे. ती आरडाओरडा करी, पाने फेकी, ड्रायव्हरांची आई-बहीण काढी, आणि सव्वासहाला चौदाही बस फाटकाबाहेर पडलेल्या असत. रागाचा उपयोग होतो हे ती तिथंच शिकली. नवरा, मर्ल, गेल्यावर ती जुनं मोटारघर घेऊन दक्षिणेत आली, पण राग काही तिनं डकोटात ठेवला नाही.

तिला चिडवणाऱ्या गोष्टींना अंत नव्हता. ढिले टर्मिनल. बारीक केबल. तीन जुन्या बॅटऱ्यांच्या मध्ये एक नवी घालून पैसे वाचवले असं समजणारे लोक. सकाळी आठच्या आत जनरेटर लावून तळ जागा करणारे लोक. त्यांच्यासाठी तर तिनं स्वतःच पाटी रंगवून ओढ्याकाठी ठोकली होती. पण सगळ्यांत जास्त चीड तिला पाण्याची. म्हणजे न घातलेल्या पाण्याची.

शिशाच्या बॅटरीला पाणी लागतं. महिन्यातून एकदा गाडीच्या कुशीतलं झाकण उघडायचं, गुडघे टेकायचे, जड ट्रे बाहेर ओढायचा, बॅटऱ्यांची बुचं काढायची, आणि टॉर्च मारून बघत एकेका घरात डिस्टिल्ड वॉटर ओतायचं. चार बॅटऱ्यांची बारा घरं. काम दहा मिनिटांचं. वेंडेल प्रुइट नावाच्या गड्यानं ते आख्खा उन्हाळा केलं नव्हतं. नोव्हेंबरात त्यानं आर्डिथला बॅटऱ्या बघायला बोलावलं, तिनं बुच काढलं, तर आतल्या पट्ट्या कोरड्याठाक. संध्याकाळी शेकोटीभोवती सगळा तळ जमला होता, मक्याचा पाव आणि राजम्याचं भांडं फिरत होतं, आणि आर्डिथनं वेंडेलला सगळ्यांसमोर सोलून काढलं.

"दहा मिनिटं! महिन्याला दहा मिनिटं होत नाहीत तुझ्यानं? ज्याला स्वतःच्या बॅटरीत पाणी घालता येत नाही त्यानं वाळवंटात राहूच नये. जावं घरी. पोरांच्या दारात बसावं, सून वाढेल ते मुकाट गिळावं!"

लोक खो खो हसले. डेल्मर हूकस्ट्राही हसला. तो तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर छोटं सिलिंडर. इतरांच्या मानानं तो जरा उशिरा हसला होता, पण हे तिला आठवलं ते पुढं दोन महिन्यांनी. वेंडेलनं दुसऱ्याच दिवशी आपली गाडी ओढ्यापलीकडे नेऊन लावली.

डेल्मर आयोवाचा. पन्नास वर्षं डुकरं पाळली, आणि गोठ्यातल्या धुळीनं त्याच्या फुप्फुसांचं जे करायचं ते केलं. बायको गेली, शेत विकलं, आणि डॉक्टर कोरडी हवा म्हणाला तेव्हा त्यानं गाडीचं तोंड दक्षिणेकडे केलं. चार हिवाळे तो आर्डिथपासून चाळीस पावलांवर राहत होता. हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं त्याचं मशीन रात्रभर चाले, आणि ते चालावं म्हणून दोन वर्षांपूर्वी आर्डिथनं त्याच्यासाठी चार बॅटऱ्या निवडल्या, केबल कापल्या, त्यांच्या टोकांना तांब्याचे थिंबल दाबले, आणि प्रत्येकीवर पिवळ्या रंगानं तारीख घातली. "या तुझ्यापेक्षा जास्त टिकतील," ती म्हणाली होती. डेल्मर म्हणाला होता, "त्यात त्यांचं काय मोठेपण?"

तळावर एक रीत आहे. जे एकेकटे राहतात ते रात्री झोपताना गाडीच्या आरशाला लाल रुमाल बांधतात, आणि सकाळी आठच्या आत काढून घेतात. आठ वाजून गेले आणि रुमाल तिथंच असला तर शेजाऱ्यानं जाऊन दार ठोकायचं. आधी कुणीतरी दोन दिवस आत मरून पडला होता आणि कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून ही रीत.

त्या मंगळवारी आठ वाजून पाच मिनिटं झाली तरी डेल्मरच्या आरशावर रुमाल फडफडत होता.

आर्डिथनं दार ठोकलं नाही, उघडलंच. डेल्मर पलंगाच्या कडेला सिलिंडर पोटाशी धरून बसला होता. ओठ निळे. मशीन बंद. दिवे बंद. घड्याळसुद्धा बंद. त्यानं सिलिंडरच्या काट्याकडे बोट केलं. काटा तळाला टेकत आला होता.

 आर्डिथ धावत गेली, स्वतःचा जनरेटर लावला, लांब केबल वाळूतून ओढत आणली आणि मशीन सुरू करून दिलं. अर्ध्या तासानं त्याच्या ओठांना रंग आला. मगच तिनं तोंड उघडलं.

"काय झालं?"

"दोन दिवस ढग होते," डेल्मर म्हणाला. प्रत्येक वाक्यामागे तो एक श्वास घेई. "साडेपाचला मशीन बॅटरी कमी म्हणून ओरडायला लागलं. जनरेटरचं बटण दाबलं. एकदा गुरगुरला. आणि सगळंच गेलं. दिवेसुद्धा."

"मग इंजिनच्या बॅटरीकडून उसनी वीज घ्यायचं बटण? डॅशबोर्डवरचं? त्यासाठीच ठेवलंय ते!"

"दाबलं. दहादा दाबलं."

आर्डिथ बाहेर गेली आणि तिनं बॅटऱ्यांच्या कप्प्याचं झाकण उघडलं. आत तिच्या चार बॅटऱ्या नव्हत्या. तिथं एक निळा चकचकीत डबा बसला होता, त्यावर हसऱ्या सूर्याचं चित्र. एका कोपऱ्यात डॅशच्या बटणाची जाड केबल तोंडाला टेप लावून लोंबत होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी डेल्मरनं पाहिलं.

"माझ्या बॅटऱ्या कुठायत?"

"जुन्या झाल्या होत्या."

"दोन वर्षांच्या बॅटऱ्या जुन्या? मग तू काय आहेस?"

"तो आला होता एक. ब्रेंट. पांढरी व्हॅन. लिथियम चांगली म्हणाला."

"चांगली! अरे, चांगलीच असते! दिव्यांना, मशीनला रात्रभर गुपचूप पुरवत राहील, तक्रार करणार नाही. पण जनरेटरच्या स्टार्टरला दणका लागतो, दणका! पहाटेच्या थंडीत आतलं तेल घट्ट झालं की आणखी मोठा. आणि या डब्याच्या पोटात एक राखणदार बसवलेला असतो. ठरल्यापेक्षा जास्त ओढलं की तो दार लावून घेतो. मग स्टार्टर नाही, दिवा नाही, मशीन नाही. ज्या बॅटरीवर तुझा श्वास, तिलाच त्या गाढवानं जनरेटर जोडला! आणि उसन्याची केबल सोडवून ठेवली, तुला सांगितलं तरी का?"

"त्यानं सुरू करून दाखवला होता."

"किती वाजता?"

"जेवणानंतर."

"जेवणानंतर! उन्हात तापलेला जनरेटर माझ्या आजीनं फुंकर मारली तरी सुरू होईल!"

नेमका तेव्हाच फोन वाजला. जॅनेल, डेल्मरची मुलगी, आयोवाहून रोज सकाळी फोन करी. बापानं हात पुढं केला, पण आर्डिथनं आधी उचलला, आणि संतापाच्या भरात जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. निळे ओठ, बंद मशीन, तळाला गेलेला काटा. काही म्हणजे काही ठेवलं नाही.  जॅनेल म्हणाली, "शुक्रवारी रात्री पोचते मी. शनिवारी डॅडना घेऊन जाते. इथल्या वृद्धाश्रमात जागा धरूनच ठेवलीय."

आर्डिथनं फोन खाली ठेवला. डेल्मर तिच्याकडे बघत होता.

"मिरवलास शहाणपणा?" तो म्हणाला. "मी बघून आलोय ती जागा. खिडक्या उघडत नाहीत तिथल्या. काच आहे, पलीकडे पार्किंग आहे, आणि खिडकी उघडत नाही. चार वर्षं मी तिला थोपवून धरलं होतं, आर्डिथ. तू चार मिनिटांत घालवलंस."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे आर्डिथ आणखी भडकली.

"शनिवारच्या आत तुझी गाडी होती तशी करते. माझ्या चार बॅटऱ्या परत आणते. आणि त्या ब्रेंटला त्यांतल्या एकीवर बसवून सुरू करून दाखवते."

बुधवारी सकाळी तिनं पिकअप काढली आणि पांढरी व्हॅन शोधत वाळवंट पालथं घातलं. व्हॅन सापडली ती ओढ्यापलीकडे, आणि उभी होती नेमकी वेंडेल प्रुइटच्या गाडीशेजारी. वेंडेल खुर्चीत कॉफी पीत होता. उन्हानं रापलेला एक तिशीचा माणूस गुडघ्यांवर बसून बॅटऱ्या बसवत होता. बॅटऱ्यांवर पिवळ्या रंगात तारखा होत्या.

"ए! हात काढ त्यांवरून!"

ब्रेंट वळला. "गुड मॉर्निंग, मॅडम. काही काम होतं का?"

"काम तू केलंयस! काल पहाटे तुझ्या त्या निळ्या डब्यानं एक माणूस मरत होता. हूकस्ट्रा! आठवतोय? नाकात नळी असलेला? जनरेटरचं बटण दाबलं आणि त्याचा श्वास बंद पडला!"

ब्रेंटचा चेहरा उतरला. "पण मी तर चालवून..."

"दुपारी! उन्हात! व्हॅनवर एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंयस ना? त्याखाली आणखी एक ओळ लिही, थंडीत तपासून मिळणार नाही! आणि चांगल्या बॅटऱ्या भंगार म्हणून उचलायच्या, आणि इथं दुसऱ्याच्या गळ्यात बांधायच्या. लाज वाटते का काही?"

"भंगार मी नाही म्हटलं, मॅडम," ब्रेंट म्हणाला. तो घाबरला होता, पण खोटं बोलत नव्हता. ते तिलाही कळत होतं. "जनरेटरचं माझं चुकलं. कबूल. जाऊन दुरुस्त करतो. पण बॅटऱ्या काढायला त्यांनीच मला बोलावलं. मीच म्हटलं त्यांना, या चांगल्या आहेत, कशाला बदलता? तर म्हणाले, पाणी न लागणारी कुठली असेल ती बसव. डिसेंबरात पाणी घालायला गुडघ्यांवर बसले, ट्रे ओढला, आणि श्वासच सुटला. अर्धा तास तिथंच वाळूत बसून होते म्हणे. उठता येईना."

आर्डिथनं बॅटऱ्यांवरच्या पिवळ्या तारखांकडे पाहिलं.

"मी म्हटलं, अहो, पाणी काय, कुणीही घालेल. शेजारीपाजारी कुणी नाही का? तर म्हणाले, आहे एक बाई, चाळीस पावलांवर. पण पैसे गेले तरी चालतील, तिला विचारायचं नाही." ब्रेंटनं वेंडेलकडे पाहिलं. "कोण बाई आहे ती, तुम्हाला माहितीय का?"

"माहितीय," वेंडेल म्हणाला, आणि कॉफीचा घोट घेतला.

 एवढा राग घेऊन आर्डिथ आली होती, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नाही. ब्रेंटवर टाकावा तर त्याची चूक अर्धीच. वेंडेलवर टाकावा तर त्याच्यावर नोव्हेंबरात टाकून झाला होता, आणि त्याचीच ही फेड चालली होती. तिनं खाली पाहिलं. ब्रेंटनं बॅटऱ्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या होत्या, पण प्लसची लाल आणि मायनसची काळी, दोन्ही जाड केबल एकाच टोकाच्या जोडीवरून घेतल्या होत्या.

"मायनस पलीकडच्या जोडीवरून घे," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की ब्रेंटला पुढं वाकावं लागलं. "प्लस एका टोकाकडून, मायनस दुसऱ्या टोकाकडून. दोन्ही एकीकडूनच घेतलेस तर जवळची जोडी राबून मरते आणि लांबची नुसती बसून राहते."

मग ती पिकअपमध्ये बसली आणि बॅटऱ्या न घेता निघून आली.

त्या दिवशी तिनं बटाट्याच्या पातळ पोळ्या करायला घेतल्या, तिच्या आईकडच्या, डकोटातल्या, आणि ओळीनं चार जाळल्या. आधी ती डेल्मरवर चिडली. मूर्ख म्हातारा! तोंड नव्हतं? चाळीस पावलं चालून यायचं आणि म्हणायचं, पाणी घालून दे. दहा मिनिटांचं काम! आणि दहा मिनिटं हा शब्द मनात आल्याबरोबर तिला शेकोटी आठवली, राजम्याचं भांडं आठवलं, शेजारच्या खुर्चीतलं ते उशिराचं हसणं आठवलं. ज्याला स्वतःच्या बॅटरीत पाणी घालता येत नाही त्यानं वाळवंटात राहूच नये. हे ती वेंडेलला बोलली होती, पण ऐकलं होतं डेल्मरनं. ऐकून तो गाडीत गेला होता, आणि पुढच्या महिन्यात गुडघे टेकून वाळूत बसला होता, वाळवंटात राहायला आपण अजून लायक आहोत हे दाखवायला. तिला लाज वाटली. आणि लाज वाटली की तिला रागच येई, दुसरं काही येतच नसे, म्हणून पाचवी पोळीही जळली.

गुरुवारी ती डेल्मरकडे गेली ती हत्यारांची पेटी घेऊन. बॅटऱ्या तिच्याबरोबर नाहीत हे डेल्मरनं पाहिलं.

"मिळाल्या नाहीत?"

"मिळाल्या."

"मग?"

"वेंडेलला लागतायत."

डेल्मर तिच्याकडे बघत राहिला. "त्या पोरानं काहीतरी सांगितलं वाटतं."

"कुणी काही सांगितलं नाही. ही टॉर्च धर."

"आर्डिथ, मी..."

"श्वास वाचव."

निळा डबा तिनं फेकून दिला नाही. तिला तो फेकायचा होता; रात्रभर मनात तिनं तो ओढ्यात फेकून पाहिला होता. पण त्याला पाणी लागत नव्हतं, आणि डेल्मरला गुडघे टेकता येत नव्हते, आणि या दोन गोष्टींपुढं आर्डिथ कोल्स्टाडची आवड काय चाटायची? गोठत्या थंडीत तो डबा चार्ज करायचा नसतो, म्हणून तिनं तो बाहेरच्या कप्प्यातून काढून आत पलंगाखाली, उबेत बसवला, फ्यूजसकट. दिवे, पंप, ऑक्सिजनचं मशीन, घरातलं सगळं त्याच्यावर. जनरेटरची तार मात्र तिनं त्याच्यावरून तोडली.

जनरेटरला स्वतःची वेगळी बॅटरी हवी होती. शिशाची, दणका देणारी, पण सीलबंद, जिला पाणी घालावं लागत नाही अशी. गावातल्या दुकानात तशी सोमवारपर्यंत येणार नव्हती, आणि जॅनेल शुक्रवारी येत होती. आर्डिथच्या मोटारघराच्या इंजिनला तशीच एक होती. ऑक्टोबरातच घेतलेली. तिनं ती काढून आणली.

"आणि तुला गाडी हलवावी लागली तर?" डेल्मरनं विचारलं.

"कुठं हलवू? इथून हाकलायला मला कुणाची छाती आहे?"

जनरेटरला खेटूनच तिनं ती बसवली, कारण केबल जितकी आखूड आणि जाड तितका दणका पुरा पोचतो. प्लसची केबल नवीन, मायनसची नवीन, आणि ती जिथं टेकते तिथला पत्रा गंज खरवडून चकचकीत केलेला. छपरावर वहीएवढं एक पॅनेल लावलं, एवढ्या एका बॅटरीला भरलेलं ठेवण्यापुरतं. दोन्ही बॅटऱ्यांचा एकमेकींशी कुठंही संबंध ठेवला नाही. घरातली पार रिकामी झाली तरी जनरेटरची भरलेली राहील, आणि जनरेटर कितीही ओढो, घरातला दिवा ढिम्म हलणार नाही. डॅशवरचं उसन्याचं बटण आता निकामी होतं. ते तिनं उपटून काढलं आणि भोकाला पट्टी लावली, म्हणजे पुन्हा कधी पहाटे कुणी त्यावर विसंबून राहायला नको. हे करायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ती एकदाही ओरडली नाही, आणि तळावरचे लोक विचारू लागले की हिला बरंबिरं नाही का.

जॅनेल शुक्रवारी अंधार पडल्यावर आली. बापासारखीच रुंद खांद्यांची, डोक्याला मक्याच्या बियाण्यांच्या कंपनीची टोपी. तिनं आर्डिथशी हात मिळवला, काय केलंय ते नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "सकाळी बघू."

शनिवारी पहाटे साडेपाचला पाणी गोठायच्या बेतात थंडी होती. जॅनेल शेतकऱ्याची पोर. थंड इंजिन म्हणजे काय ते तिला शिकवायची गरज नव्हती. तिनं घरातला एकूणएक दिवा लावला, बापाचं मशीन चालूच ठेवलं, पंप सुरू केला, आणि जनरेटरचं बटण दाबलं.

जनरेटर दुसऱ्या गिरकीला धडधडत सुरू झाला. सगळा तळ दचकून जागा झाला. आठच्या आत जनरेटर! तीसेक गाड्यांमधले पडदे हलले, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं कान टवकारले, कारण आता आर्डिथ बाहेर येणार, आणि आज कुणाचं तरी श्राद्ध घालणार.

आर्डिथ बाहेर आलीच होती. कोट पांघरून ती तासाभरापासून पायरीवर बसली होती. जनरेटर धडधडत राहिला आणि तिनं हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळानं जॅनेल चाळीस पावलं चालत तिच्याकडे आली.

"लाइट लुकलुकलासुद्धा नाही," जॅनेल म्हणाली.

"लुकलुकायचं कारणच नाही."

"ती बॅटरी तुमच्या गाडीची आहे. डॅडनी सांगितलं."

"डॅडना म्हणावं श्वास वाचवा."

जॅनेल हसली नाही. "मंगळवारी तुम्ही फोनवर सगळं सांगितलंत त्याबद्दल मी आभारी आहे. ते मला कधीच सांगत नाहीत. कुणाकडे काही मागतही नाहीत. त्याचीच मला भीती वाटते, बॅटरीची नाही." तिनं टोपी सारखी केली. "एप्रिलपर्यंत राहू दे त्यांना. पुढचं पुढं."

रविवारी ती एकटीच परत गेली.

त्यानंतर आठवडा गेला. डेल्मरचा रुमाल रोज सातलाच निघे. दोघं लांबून हात करत, शेकोटीला शेजारी बसत, पण गुडघ्यांचा, वाळूत बसून राहिल्याचा विषय कुणीच काढला नाही. आर्डिथ मनातल्या मनात धुमसत होती. दुरुस्त करायचं ते तिनं दुरुस्त केलं होतं, पण उद्या याचं आणखी काही अडलं तर हा पुन्हा कुणा व्हॅनवाल्यालाच बोलावणार, चाळीस पावलं काही चालणार नाही, आणि त्यावर लावायला तिच्याकडे पाना नव्हता. क्षमा मागायची तिला सवय नव्हती. एकदा जाऊन सांगावं असं दोनदा तिच्या मनात आलं, दोन्ही वेळा ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली, आणि परत येऊन स्वतःचे टर्मिनल उगाचच आवळत बसली.

मग एका सकाळी साडेसातला तिचं दार वाजलं. दारात डेल्मर. खांद्याला सिलिंडर, एक हात दाराच्या चौकटीवर, छाती भात्यासारखी वरखाली. चाळीस पावलं तो चालत आला होता, या थंडीत, टोपीसुद्धा न घालता.

अरे गाढवा, फोन नाही का तुझ्याकडे, हे वाक्य आर्डिथच्या ओठांपर्यंत आलं. तिनं दात आवळले. उभी राहिली. त्याचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ ती गप्प उभी राहिली.

"सिंकखालचा नळ गळतोय," डेल्मर शेवटी म्हणाला. "मला वाकता येत नाही."

"आलेच," आर्डिथ म्हणाली.

तिनं पाना घेतला, त्याच्याच चालीनं, दर दहा पावलांना थांबत त्याच्या गाडीपर्यंत गेली, पाठीवर झोपून सिंकखाली शिरली, आणि तिथं, जिथं तिचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, त्या नळाला तिनं मनसोक्त शिव्या घातल्या.